केंद्राचा कायदा असताना राज्याला त्याच विषयावर वेगळा कायदा करता येतो का?

तुम्ही विचारलंय की प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केंद्राचा 1960चा कायदा आहे, त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलांना काबूत आणण्याचा खेळ) आणि बैलांच्या शर्यती बंद केल्या, मग महाराष्ट्राला बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू करता आल्याच कशा? मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना घटना शिकवते. दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी हे विचारतंच.

आधी विषय कुणाचा ते बघायचं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संरक्षण, चलन, रेल्वे हे संघ सूचीत, म्हणजे संसदेकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत. तिसऱ्या, समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. तिन्हींत न बसणारा विषय संसदेकडे जातो. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध ही समवर्ती सूचीतली 17वी नोंद आहे, त्यामुळे विधानसभेला त्यावर कायदा करायचा अधिकार होताच.

पण अधिकार असला तरी तो कायदा टिकेलच असं नाही. इथे अनुच्छेद 254 लागतो. समवर्ती विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर जेवढी विसंगती तेवढा राज्याच्या कायद्याचा भाग रद्दबातल ठरतो. याला एकच वाट ठेवलेली आहे: राज्याने आपलं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवायचं. अनुमती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. महाराष्ट्राने 2017मध्ये केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तिला ही अनुमती घेतली. तमिळनाडू आणि कर्नाटकनेही तेच केलं. 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या.

अनुमती म्हणजे कायमचं अभयपत्र असं मात्र समजू नका. मुंबईच्या भाडे कायद्याबाबत 2002मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच वाद आला होता. राज्याच्या कायद्याला अनुमती होती. पण ती मागताना सार्वजनिक जागांमधून अनधिकृत लोकांना काढण्याचा केंद्राचा 1971चा कायदा राष्ट्रपतींसमोर ठेवलेलाच नव्हता. न्यायालयाने म्हटलं, ज्या केंद्रीय कायद्याशी असलेली विसंगती दाखवून अनुमती मागितली, तेवढ्यापुरतीच ती चालते. मसुदा पाठवणाऱ्याच्या एका निष्काळजी पत्राचा परिणाम असंख्य भाडेकरूंवर होऊ शकतो, म्हणून हा निकाल मी वर्गात सावकाश वाचून दाखवते.

दुसरी गोष्ट घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या जवळची आहे. महाराष्ट्राने बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्वतःचा गृहनिर्माण कायदा 2012मध्ये केला होता, त्याला राष्ट्रपतींची अनुमतीही होती. 2016मध्ये संसदेने रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा केला आणि त्याच्या कलम 92ने महाराष्ट्राचा कायदा नाव घेऊन रद्द केला. अनुच्छेद 254च्या शेवटच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या जोडकलमात, ही मुभा आहे: अनुमती मिळालेला राज्याचा कायदाही संसद नंतर बदलू शकते किंवा रद्द करू शकते. आपण ‘महारेरा’कडे तक्रार नेतो तेव्हा प्राधिकरण राज्याचं असतं, कायदा केंद्राचा. पश्चिम बंगालने 2017मध्ये रेराऐवजी स्वतःचा कायदा आणला, अनुमती न घेता. सर्वोच्च न्यायालयाने तो 2021मध्ये रद्द केला.

थोडक्यात, समवर्ती सूचीत शेवटचा शब्द संसदेचा आहे. म्हणूनच एखादा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत नेणं ही मला फार गंभीर गोष्ट वाटते. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्षी यांचं संरक्षण असे पाच विषय तसे हलवले, तेही आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असताना. शिक्षण समवर्ती असावं की नसावं यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझं मत ते राज्यांकडेच राहायला हवं होतं असं आहे, कारण मूल कोणत्या भाषेत शिकणार, हे त्याच्याजवळच्या सभागृहात ठरलेलं बरं.

पुढच्या वेळी राज्याच्या एखाद्या कायद्याबद्दल अशी शंका आली, तर राजपत्रातली त्याची प्रत काढा. सुरुवातीलाच अनुमती राज्यपालांची की राष्ट्रपतींची, आणि कोणत्या तारखेची, ते छापलेलं असतं. मग त्या तारखेनंतर संसदेने त्याच विषयावर काही केलंय का ते शोधा.