इंग्रजीतली मांजरं आणि फॉरवर्डमधल्या थापा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा लागला की इंग्रजी वाक्प्रचारांचा एक ठरावीक फॉरवर्ड फिरू लागतो आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. मांजरांवरचे प्रश्न यंदा फार झाले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शिकवताना मी मुलांना गोष्ट सांगते. जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरं गवताच्या छपरावर झोपत, जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत. मुलांना फार आवडते. बरोबर आहे ना? (शिक्षिका, सातारा)

नाही. उद्यापासून सांगू नका.

ही गोष्ट १९९९ च्या सुमारास ईमेलवर फिरलेल्या, सोळाव्या शतकातल्या जीवनाविषयीच्या एका गमतीशीर मजकुरातून पसरली. लेखकाचं नाव नाही, एकही संदर्भ नाही. आता तोच माल व्हॉट्सॲपवर 'तुम्हाला माहीत आहे का?' असं डोक्यावर लिहून येतो.

आधी छपराकडे बघू. इंग्लंडात गवती छपराचा उतार ४५ ते ५० अंशांचा ठेवतात, कारण पाणी आत मुरायच्या आत निथळून गेलं पाहिजे. असल्या उतारावर कुत्रा झोपणार कुठे? कोकणात ज्यांनी केंबळी घर पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गवतात उंदीर असतात, पाली असतात, एखादा सापही निघतो, पण कुत्रा वर चढत नाही. मांजर चढलंच तर पहिल्या थेंबाला वळचणीखाली पळतं.

आता तारखा. हेन्री व्हॉन या वेल्श कवीच्या १६५१ च्या संग्रहात कुत्र्या-मांजरांच्या सरीचा उल्लेख आहे. रिचर्ड ब्रोमच्या १६५३ मध्ये छापलेल्या नाटकात पाऊस पडतो तो कुत्र्यांचा आणि पोलकॅटचा. पोलकॅट म्हणजे मांजर नव्हे, तो तिकडचा एक उग्र वासाचा रानटी प्राणी. आज आपण वापरतो त्या रूपात हा वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या संभाषणसंग्रहात मिळतो. याच स्विफ्टने १७१० मध्ये लंडनच्या पावसावर कविता लिहिली. तिच्यात गटारातून मेलेली मांजरं आणि बुडालेली कुत्र्याची पिल्लं वाहत जातात. त्यामुळे 'मूळ इथेच' असं काही जण छातीठोकपणे सांगतात, पण व्हॉनची ओळ तिच्याआधी ५९ वर्षांची आहे. ओडिन देवाचे कुत्रे, चेटकिणींची मांजरं, ग्रीक भाषेतला अमुक शब्द, या सगळ्यांची गत तीच. पावसाशी त्यांचा संबंध जोडणारा त्या काळचा एकही कागद कोणी पुढे ठेवत नाही.

कुठलीही व्युत्पत्ती हातात आली की चार गोष्टी तपासा. शब्दप्रयोग पहिल्यांदा लिखित कधी सापडतो? जी प्रथा सांगितली जाते ती त्याआधीची आहे का? सुरुवातीचा अर्थ त्या प्रथेशी जुळतो का? आणि त्या काळच्या एखाद्या माणसाने तरी दोन्हींचा संबंध जोडला आहे का? यात बसत नसेल तर गोष्ट कितीही गोड असो, वर्गात नेऊ नका. मुलं ती आयुष्यभर लक्षात ठेवतात, हीच तर अडचण आहे. वर्गात एवढंच सांगा: वाक्प्रचार सतराव्या शतकापासून सापडतो, मूळ ठरलेलं नाही. आणखी हवं असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश मागा. त्यात प्रत्येक अर्थाखाली तारीखवार दाखले असतात. एका खंडाचा विद्यार्थी-कोश या कामाचा नाही.

जाता जाता: रोजच्या इंग्रजी बोलण्यात हा प्रयोग आता जुनाट वाटतो. 'इट्स पोअरिंग' पुरतं.

टाक्यांचा 'कॅटगट' धागा मांजराच्या आतड्याचा असतो का?

नाही. मेंढ्या, बकऱ्या किंवा गुरांच्या आतड्याचा. तुमच्या टाक्यांना कोणता धागा वापरला ते सर्जनला विचारा.

'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' आणि 'नो रूम टु स्विंग अ कॅट' या दोन्हींतलं मांजर म्हणजे इंग्रजी आरमारातला नऊ शेपट्यांचा चाबूक, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं काय?

चाबूक खरा आहे, 'कॅट' हे त्याचं नावही खरं आहे आणि तो कापडी पिशवीत ठेवत हेही खरं. एवढ्या खऱ्यावर बाकीचा इमला उभा केलेला आहे.

जागा अपुरी असण्याचा वाक्प्रचार १६६५ मध्ये, लंडनच्या प्लेगच्या वर्षी छापलेल्या एका पुस्तिकेत येतो, आणि तिथेही लेखक त्याला 'लोकांच्या तोंडची म्हण' म्हणतो. म्हणजे तो त्याहून जुना. चाबकाचं नऊ शेपट्यांचं नाव मात्र छापील स्वरूपात १६९५ चं, काँग्रीव्हच्या नाटकातलं. कोशात नवा दाखला सापडला तर हा हिशेब बदलेल. तोवर तो चाबकाच्या बाजूने लागत नाही.

पिशवीतल्या मांजराचा अर्थ गुपित फुटणं. १७६० मध्ये 'लंडन मॅगझीन'मधल्या एका पुस्तकपरीक्षणात तो याच अर्थाने आहे. चाबूक पिशवीतून बाहेर काढला तर शिक्षा होईल, गुपित कसं फुटेल? बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून पिशवीत मांजर बांधून देत, हा खुलासा अर्थाला जास्त जवळचा आहे. न बघता माल घेण्याला जर्मन आणि फ्रेंच माणूस 'पिशवीतलं मांजर घेणं'च म्हणतो. पण हाही अंदाजच, आणि लिहायचा तर अंदाज म्हणूनच लिहा.

'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट' ही अर्धी म्हण आहे, पुढे 'बट सॅटिसफॅक्शन ब्रॉट इट बॅक' असं मूळ आहे म्हणे. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर रंगवून घ्यायचं आहे.

रंगाऱ्याला थांबवा. मुळात मांजराला कुतूहलाने नव्हे, काळजीने मारलं होतं: 'केअर', म्हणजे चिंता. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात तसं आहे, शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्येही तसंच. कुतूहल आलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि मांजर परत जिवंत करणारं शेपूट जोडलं गेलं विसाव्याच्या सुरुवातीला. 'मूळ पूर्ण म्हण' अशी विकली जाणारी ही गोष्ट सगळ्यात नवी आहे. वाक्य आवडलं असेल तर जरूर रंगवा, फक्त खाली 'मूळ म्हण' लिहू नका.

आयईएलटीएसच्या क्लासने ३०० वाक्प्रचारांची पीडीएफ वेगळे पैसे घेऊन दिली आहे, त्यात मांजरांचे चाळीस. पाठ केले तर बँड वाढेल का?

पाठांतराने नाही. बोलण्याच्या परीक्षेत चार निकषांना सारखं वजन असतं: ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. वाक्प्रचार शब्दसंपदेचा एक तुकडा आहेत, आणि तिथेही तपासतात ते नैसर्गिक वापर. घराबद्दल विचारल्यावर 'कॅट्स व्हिस्कर्स' (म्हणजे एकदम झकास) ठोकून दिलं तर परीक्षकाला १९२० च्या दशकातली अमेरिकन बोली ऐकल्यासारखं वाटेल. निबंधात तर असले बोलीतले प्रयोग नकोतच. पाच-सहा नीट वापरता येणारे पुरे. गुणांकनाचे निकष परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ते वाचून शिक्षकांपुढे बसा, आणि पीडीएफचे पैसे परत मागून बघा.

मांजराला नऊ जीव असतात ही म्हण कुठली? आमची मनी परवा तिसऱ्या मजल्यावरून पडली, चालते आहे पण खात नाही.

हे वाचत बसू नका, तिला आत्ता पशुवैद्याकडे न्या.

पायांवर पडलेल्या मांजराच्या छातीला मार लागलेला असू शकतो, जबडा किंवा टाळू फाटलेली असू शकते, आणि ते वरून दिसत नाही. जबडा दुखत असेल तर भूक असूनही तोंड लावणार नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातून लठ्ठ असेल तर, यकृतावर चरबी साठून जिवावर बेतू शकतं. घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ती विष आहे. न्यायच्या टोपलीत खाली सपाट, टणक काहीतरी घाला आणि तिला उचलताना वाकवू नका.

म्हण जॉन हेवूडच्या १५४६ च्या संग्रहात आहे. स्पॅनिश मांजराला सातच जीव असतात. डॉक्टरांकडे जाताना यातलं काही उपयोगाचं नाही.

'डेड कॅट बाउन्स' म्हणजे काय? माझे शेअर दोन दिवस वर आहेत.

मोठ्या पडझडीत मध्येच आलेली, न टिकणारी उसळी. उंचावरून पडलं तर मेलेलं मांजरही थोडं उसळेल, असा त्यातला काळा विनोद. बातम्यांत तो डिसेंबर १९८५ मध्ये, सिंगापूर आणि मलेशियाच्या बाजारांबद्दल, 'फायनान्शियल टाइम्स'च्या बातमीत एका दलालाच्या तोंडी आला. लक्षात घ्या, उसळी खोटी होती हे भाव पुन्हा खाली गेल्यावरच कळतं. आज चालू असलेल्या चढाला जो हे नाव देतो तो अंदाज करतो आहे, आणि टेलिग्रामवर टिप विकत असेल तर तुमच्या पैशावर करतो आहे. ठेवायचे की विकायचे ते सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा.

'चेशायर कॅट'सारखं हसणं लुईस कॅरलने शोधलं ना?

नाही. कॅरलचं 'ॲलिस इन वंडरलँड' १८६५ चं, हा प्रयोग फ्रान्सिस ग्रोजच्या १७८८ च्या बोलीकोशात आहे.

'हू विल बेल द कॅट' (मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?) ही इसापाची गोष्ट आहे का? आणि ऑफिसात साहेबांना पाठवायच्या ईमेलमध्ये वापरू का?

इसापाच्या नावावर खपते, पण प्राचीन संग्रहांत नाही, मध्ययुगीन युरोपातली आहे. इंग्रजीत चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात येते. ईमेलमध्ये घालू नका. मांजर कोण, हे साहेबांना लगेच कळेल.