जुन्या नाटकांची गोष्ट दोन ओळींत संपते, तरी पात्रं डोक्यातून जात नाहीत. आजच्या सिनेमात गोष्ट गुंतागुंतीची आणि पात्रं पोकळ. असं का?

तुमचं निरीक्षण निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्याचं आधी बोलतो.

जुनं नाटक म्हणजे साधं कथानक, हे सरसकट खरं नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'इडिपस' बघा. शहरात रोगराई, जुन्या राजाच्या खुनाचा तपास, एकेक साक्षीदार समोर येतोय आणि शेवटी तपास करणाराच खुनी निघतो. आजच्या पट्टीच्या रहस्यपटाला मान खाली घालायला लावेल अशी बांधणी आहे ती. ॲरिस्टॉटलने तर शोकांतिकेत कथानकाला पहिलं स्थान दिलं आणि स्वभावचित्रणाला दुसरं. 'हॅम्लेट'मध्ये भूत आहे, नाटकात नाटक आहे, बदललेलं पत्र आहे, समुद्री चाचे आहेत, विष लावलेली तलवार आहे. आपण चाचे विसरतो आणि राजपुत्र लक्षात ठेवतो, एवढंच. शिवाय त्या काळची टुकार नाटकं कधीच विस्मरणात गेली. आजचे टुकार सिनेमे मात्र दर शुक्रवारी समोर उभे असतात. तुलना तिथेच थोडी बिघडते.

तरीही फरक आहे, आणि माझ्या मते तो कथानकाच्या लांबीरुंदीत नसून कारणांत आहे. माणूस असा का वागला, याचं उत्तर लेखक किती देतो?

'ऑथेल्लो'चं उदाहरण देतो (देवलांनी १८९० मध्ये ते 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं). गोष्ट काय, तर सेनापतीच्या मनात त्याचा हाताखालचा माणूस बायकोबद्दल संशय पेरतो, एका रुमालाचा पुरावा करतो आणि सेनापती बायकोला मारतो. संपलं. शेक्सपिअरने ही गोष्ट चिंतिओ या इटालियन लेखकाकडून घेतली. तिथे खलनायकाचं कारण अगदी सरळ आहे: त्याचं सेनापतीच्या बायकोवर मन जडलेलं असतं, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. शेक्सपिअरने नेमकं हेच कारण बाजूला सारलं. त्याचा खलनायक इयागो कधी म्हणतो, मला डावलून कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला बढती दिली. कधी म्हणतो, ऑथेल्लोचे माझ्या बायकोशी संबंध असल्याचं कानावर आलंय. खरंखोटं माहीत नाही, पण मी खरं धरून चालणार. ऑथेल्लोच्या बायकोबद्दलची, डेस्डेमोनाबद्दलची अभिलाषाही तो एकदा ओझरती बोलून जातो. एकही कारण पुरेसं वाटत नाही. शेवटी पकडला गेल्यावर सगळे विचारतात, का केलंस? तर तो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी तोंड उघडणार नाही. आणि उघडत नाही!

आजच्या सिनेमात इयागो असता तर मध्यंतरानंतर त्याच्या बालपणाचा फ्लॅशबॅक आला असता. दारुडा बाप, पावसाळी रात्र, पार्श्वभूमीला व्हायोलिन. आपण 'अच्छा, म्हणून होय' म्हणालो असतो आणि पॉपकॉर्न आणायला गेलो असतो.

'किंग लिअर'मध्येही तेच. शेक्सपिअरच्या आधी याच कथेवर एक नाटक होतं, १६०५ मध्ये छापलेलं. त्यात राजा मुलींना 'तुमचं माझ्यावर किती प्रेम?' असं विचारतो त्यामागे डाव असतो: धाकटीला शब्दात पकडून आपल्या पसंतीच्या मुलाशी तिचं लग्न लावायचं. शेक्सपिअरने तो डाव काढून टाकला. उरला एक म्हातारा, जो सगळ्यांसमोर प्रेमाचं माप मागतो, आणि का ते त्यालाही नीट सांगता येणार नाही.

आपल्याकडे 'नटसम्राट' याच वंशातलं. १९७० मध्ये श्रीराम लागूंनी ते उभं केलं. निवृत्त नट मुलांना सगळं वाटून टाकतो, मुलांच्या घरी अपमान होतो, घर सुटतं. गोष्ट एवढीच. मग उरलेला वेळ कशाने भरतो? अप्पासाहेब बेलवलकर या माणसाने. दुःख अनावर झालं की तो जुन्या भूमिकांच्या भाषेत शिरतो. आता हा रडतोय की रडण्याची भूमिका करतोय, हे त्याच्या बायकोला, कावेरीला कळत नाही, आपल्याला कळत नाही, बहुधा त्यालाही कळत नसावं. 'पुढे काय होणार' याची उत्सुकता तिथे जवळजवळ शून्य असते, तरी खुर्चीतून उठवत नाही.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' (१९१९, रंगभूमीवर आलेला बघायला गडकरी हयात नव्हते) आपण 'दारूने घर बुडतं' एवढ्यावर निकालात काढतो. पण त्यातल्या रामलालकडे बघा. दारूत बुडणाऱ्या सुधाकरचा सज्जन, शिकलेला मित्र, सगळ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा. विधवा शरदला मुलीसारखं मानतो, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की आपली नजर बापाची राहिलेली नाही. मुख्य कथेला याची गरजच नव्हती. आजच्या पटकथेच्या बैठकीत हा भाग पहिल्या फटक्यात उडाला असता. मला मात्र नाटकातल्या दारुड्या तळीरामाच्या विनोदांपेक्षा तो जास्त आठवतो.

आता सिनेमाची बाजू. रंगमंचावर जागा बदलणं महाग, म्हणून नाटककार एकाच दिवाणखान्यात माणसांना तासभर बोलत ठेवतो. बोलता बोलता माणसं उघडी पडतात. कॅमेऱ्याला एका कटमध्ये पुण्याहून पॅरिसला जाता येतं, मग मोह होतोच. त्यात ग्रीकांना काय किंवा १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' बघणाऱ्यांना काय, गोष्ट आधीच ठाऊक होती. आज कुणी शेवट सांगितला तर मैत्री तुटते. शेवट लपवायचा तर पात्रांनाही बरंच लपवावं लागतं. 'इन्सेप्शन' (२०१०) मला आवडतो, पण त्यात स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी स्वप्न, आणि संवादांचा केवढा तरी भाग नियम समजावण्यात जातो. नायकाच्या वाट्याला बायकोच्या मृत्यूचा अपराधभाव येतो. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढंही नाही.

पण दोष माध्यमाचा म्हणता येत नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) बघा. एका लोकशाहिरावर खटला: त्याच्या गाण्यामुळे म्हणे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. तारखा पडत राहतात, बस. गीतांजली कुलकर्णीने केलेली सरकारी वकील न्यायालयात कलमं एकसुरी वाचते, मग लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर परप्रांतीयांवर तोंडसुख घेणारं नाटक बघायला जाते. ती वाईट बाई आहे का? दिग्दर्शक सांगत नाही, कॅमेरा लांबूनच बघत राहतो. तिची चीड येते, आणि दमून घरी परतणाऱ्या त्याच बाईत ओळखीचं कुणीतरी दिसतं.

तेव्हा वेळ काढून 'कोर्ट' बघा, आणि जमलं तर त्याच आठवड्यात 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश वाचा. त्या एका प्रवेशात सेनापती बायकोवर जीव टाकणारा म्हणून येतो आणि तिच्या मरणाची भाषा बोलत जातो. मध्ये घडतं काय? दोन माणसं बोलतात आणि एक रुमाल खाली पडतो.