इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीचे लघुपट कुठून सुरू करावेत, आणि त्याच्यावर कोणाचा प्रभाव दिसतो?

'ब्रेड अँड अ‍ॅली'पासून, दुसरा विचारच करू नका. 1970 चा, जेमतेम दहा मिनिटांचा. नान घेऊन घरी निघालेला पोरगा, आणि गल्लीत वाट अडवून बसलेलं कुत्रं. बस्स, एवढंच! पोरगा आधी एका म्हाताऱ्याच्या मागे मागे चालून निसटायला बघतो, ते जमत नाही. शेवटी नानचा तुकडा टाकतो, तर कुत्रं चक्क सोबतीला येतं. संवाद जवळपास नाहीतच. पोराची भीती नुसत्या त्याच्या चालीतून कळते. कुत्र्याचं पुढे काय होतं ते सांगत नाही, मजा जाईल.

नंतर 1975 चा 'टू सोल्युशन्स फॉर वन प्रॉब्लेम' बघा. दोन मित्र, एक फाटलेली वही. भांडण वाढलं तर काय आणि वही चिकटवली तर काय, असे दोन शेवट. थोडा शाळामास्तरी आहे खरा, पण तो मुलांसाठीच्या 'कानून' या संस्थेत बनला, त्यामुळे चालायचंच.

प्रभावाचं म्हणाल तर माझ्या मते सिनेमापेक्षा फारसी कविता जास्त. 1987 च्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस'चं नाव सोहराब सेपेहरीच्या कवितेतलं, 1999 च्या 'द विंड विल कॅरी अस'चं कवयित्री फरोग फारोखजादच्या. सेपेहरी चित्रकारही होता, आणि किआरोस्तामी स्वतः तेहरानला चित्रकला शिकलेला. फरोगचा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा 'द हाउस इज ब्लॅक' हा माहितीपट मिळाला तर सोडू नका, वीसेक मिनिटांचाच आहे.