वाचक विचारतात : कॉस्टिकची बॅग दगड झालीय, काय करू?

मागच्या वेळी बॉयलरच्या पाण्यावर लिहिताना कॉस्टिकचा (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) नुसता जाता जाता उल्लेख केला होता, तर तेवढ्यावर एवढे प्रश्न आले की ह्यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. डाइंगच्या (सूत रंगवायच्या) केमिकलमध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यामुळं पुस्तकातलं थोडं आणि हातावरच्या डागांचं जास्त, असं समजून वाचा.

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलच्या सुताचं छोटं डाइंग आहे. पावसाळ्यात अर्धी वापरलेली फ्लेक्सची (कॉस्टिकच्या सुक्या पापड्यांची) बॅग दगडासारखी झाली, पोरं हातोड्यानं फोडून वापरलालेत. ताकद कमी होते का? गेल्या दोन लॉटला वॅट कलरमध्ये (पाण्यात तसाच न विरघळणारा पक्का रंग) डाग आले, त्याचा काही संबंध?

उत्तर : पहिलं म्हणजे हातोडा बंद करा दादा, आजच. उडालेली कपची डोळ्यात गेली तर डोळ्यातल्याच ओलाव्यात ती विरघळायला लागते आणि आत आत जाते. ॲसिडनं निदान लगेच आग होते, माणूस ओरडत नळाकडं पळतो, कॉस्टिकमध्ये पहिले काही क्षण नुसतं गुळगुळीत लागतं, साबण लागल्यासारखं, कारण खरंच साबणच होत असतो, तुमच्या कातडीतल्या चरबीचा.

आता बॅगेचं. कॉस्टिकला पाण्याची हाव असते असं समजा, त्याचं निम्मं वागणं त्यातच कळतं. बॅगेचं तोंड उघडं राहिलं की ते हवेतला ओलावा ओढतं, पाझरतं, मग गठ्ठा होतो. नुसतं एवढंच असतं तर वजनात थोडं पाणी धरून चालवून घेतलं असतं, पण त्याबरोबर ते हवेतला कार्बन डायऑक्साइडपण घेतं आणि वरवरचा माल सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, होऊन बसतो, तो पांढरा भुगा दिसतो ना गठ्ठ्यावर, तोच. म्हणजे तुम्ही ९८ टक्केवाला माल म्हणून दोन किलो टाकताय आणि बाथमध्ये (रंगाच्या पाण्यात) खरं कॉस्टिक किती गेलं ते देवाला माहीत.

वॅट कलरला हेच नडतं. हायड्रोनं (सोडियम हायड्रोसल्फाइट) रंग उतरवायचा, म्हणजे विरघळेल असा करायचा, आणि कॉस्टिकनं तो पाण्यात विरघळलेला ठेवायचा, अशी ती जोडी आहे. कॉस्टिक कमी पडलं की उतरलेला रंग परत कणाकणानं बसायला लागतो आणि मग सुतावर ठिपके, पट्टे, कुठं गडद कुठं फिकं. सोडा ॲश तिथं कामाला येत नाही, त्याची तेवढी ताकदच नाही. तुमच्या डागांना पाण्याचा जडपणा किंवा जुनं हायड्रोपण कारण असू शकतं, पण आधी नवी सीलबंद बॅग फोडून एक लॉट काढून बघा. जुन्या मालाचं टायट्रेशन (खरं कॉस्टिक किती उरलंय ते मोजायची चाचणी) एखाद्या लॅबकडून करून घ्या. पीएच पेपरवर विसंबू नका ओ, सोडा ॲशलापण तो निळाच होतो.

आणि दगड झालेली बॅग टाकून द्यायची गरज नाही. आतली प्लास्टिक पिशवी कापा, गठ्ठा लोखंडी जाळीच्या टोपलीत ठेवून थंड पाण्याच्या टाकीत वरच्या वर हळू सोडा, आपोआप विरघळतो, तळाला बसू देऊ नका. ते पाणी टाकीचं माप काढून, टेस्ट करून, धुलाईला वापरा, वॅटला नको.

विरघळवताना पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, पण का ते पोरांना आकड्यात सांगा. दहा लिटर पाण्यात एक किलो फ्लेक्स टाकले की पाणी साधारण २५ अंशांनी तापतं. मे महिन्यात आपल्या पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी सकाळी अकरालाच ४० ला असतंय, म्हणजे बादली ६५ वर गेली. घाईनं तीन लिटरमध्येच किलोभर ओतलं तर ते उकळून उडतं आणि तोंड बादलीवरच असतं बगा बहुतेकांचं. म्हणून सोलापुरात हे काम पहाटे करा.

एक माझ्यावर बेतलेलं सांगतो. नवीन होतो, एका प्रोसेस हाऊसमध्ये (नाव कशाला), रबरी हातमोजे घातले होते, भारी वाटत होतं. हात वर करून ड्रम तिरका केला आणि लाय (कॉस्टिकचं घट्ट पाणी) कोपराकडनं ओघळत मोज्याच्या आत गेली. मोज्यानं वाचवायचं सोडून ती आत धरून ठेवली. तेव्हापासून मोज्याच्या काठाला दोन बोटं बाहेरून दुमडून ठेवतो, ओघळ तिथंच अडतो. पँट मात्र गमबूटच्या बाहेर सोडायची, आत खोचायची नाही, तेच कारण.

लागलं तर पाणी, भरपूर, २० मिनिटं घड्याळ लावून, डोळ्यात गेलं असेल तर त्याहून जास्त आणि सरळ दवाखान्यात. सुके फ्लेक्स असतील तर आधी झटकून मग पाणी. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काहीही नाही. आता आपल्याकडं नळाला पाणी कितीव्या दिवशी येतं ते मी काय सांगू, तेव्हा कॉस्टिकच्या जागेजवळ शंभर-दोनशे लिटरचा स्वच्छ पाण्याचा ड्रम वेगळा भरून ठेवायचा आणि त्यातनं चहाच्या कपासाठीसुद्धा पाणी घ्यायचं नाही.

प्रश्न : मी माळशिरस तालुक्यात साखर कारखान्यात आहे. सफाईच्या वेळी इव्हॅपोरेटरमध्ये कॉस्टिक का उकळतात? आणि फ्लेक्स घ्यावं की लाय, आमच्या स्टोअरमध्ये रोज वाद असतो.

उत्तर : रस आटवताना ट्यूबच्या आत खारा दगडी थर बसतो, चुन्याचा आणि सिलिकाचा, मग वाफ तेवढीच खर्च होते आणि रस आटत नाही. कॉस्टिकचं पाणी काही तास उकळलं की तो थर ढिला पडतो, मग ब्रश किंवा ॲसिड. मॅनहोल उघडायच्या आधी बॉडी (इव्हॅपोरेटरचं भांडं) निवलीय आणि निचरलीय ह्याची खात्री करा, एवढं मात्र सुपरवायझरच्या शब्दावर सोडू नका.

वादाचं उत्तर साधं आहे. ४८ टक्के लायच्या १०० किलोत जेवढा माल, तेवढाच ९८ टक्के फ्लेक्सच्या ४९ किलोत. म्हणजे लायमध्ये निम्म्याहून जास्त पाण्याचं भाडं भरताय. पण फ्लेक्स विरघळवायचा त्रास, उष्णता, उडणारी धूळ, बॅगा फोडणारी माणसं हे धरलं तर रोज टनात लागणाऱ्याला टँकरच सोपा पडतो. हंगामात चार-दोनदा लागणाऱ्यानं फ्लेक्स घ्यावं. अजून एक, ५० टक्के लाय १२ अंशांच्या आसपास गोठायला लागते, आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे पाइपमध्ये अडकते आणि मग सगळे पंपाला शिव्या देतात.

प्रश्न : मर्सराइज्ड सूत म्हणजे नक्की काय? दुकानदार जास्त पैसे मागतो.

उत्तर : मागू द्या, चमक दिसत असेल तर. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसानं १८५० साली पेटंट घेतलं, घट्ट कॉस्टिकमध्ये सूत बुडवलं की धागा फुगतो, रंग जास्त पितो, मजबूत होतो. पण सूत आकसायचं म्हणून गिरण्यांनी तोंड वाकडं केलं. ताणून धरून बुडवलं तर आकसत नाही आणि वर रेशमासारखी चमक येते, हे पुढं ४० वर्षांनी दुसऱ्या एकाच्या लक्षात आलं. आपल्या सोलापुरात पहिली गिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणतात, ती १८७७ ची, म्हणजे ही चमक तिच्याहून लहान.

प्रश्न : मोरी तुंबली म्हणून कॉस्टिक टाकून वरनं उकळतं पाणी ओतलं, फवारा उडाला. आमचं चुकलं का?

उत्तर : हो. थंड पाण्यात कॉस्टिक, थोडं थोडं, आणि मग ते ओता, आणि ज्या मोरीत आधी ॲसिड टाकलंय तिथं अजिबात नाही.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, घरी खोबरेल तेलाचा साबण करते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिकचं पाणी केलं तर बुडबुडे आले आणि पातेलं काळं पडलं, पाणी पण करडं झालं. ते वापरू का? धुण्याचा सोडा घेतला तर चालेल का?

उत्तर : ताई, ते पाणी वापरू नका आणि ते पातेलं आता भंगारात. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातनं हायड्रोजन निघतो, तेच तुमचे बुडबुडे, शेजारी गॅस चालू असता तर भडकला असता. जस्ताच्या बादलीचंपण तेच. स्टीलचं पातेलं घ्या नाहीतर जाड प्लास्टिकची बादली, काच नको.

धुण्याच्या सोड्यानं खोबरेल तेलाचा साबण होत नाही, नुसता चिकट काला होतो. एक किलो खोबरेल तेलाला शुद्ध कॉस्टिक साधारण १८३ ग्रॅम लागतं, पण थोडं तेल मोकळं राहावं म्हणून १७४ च्या आसपास घ्या, वजनकाट्यावर मोजून, वाटीनं नाही. साबण चार आठवडे वाळू द्या. चष्मा घाला, तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघरातच करता, तर नातवंडं शाळेत गेल्यावर करा.

तुम्ही शेवटी विचारलंय, उरलेलं पाणी जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलंय, किती दिवस टिकेल. ताई, ते टिकण्याचं नंतर बघू. आधी उठा, ती बाटली काढा, पाण्यानं भरलेल्या मोठ्या बादलीत हळू ओता, मोरीत सोडा, वरनं नळ चालू ठेवा, आणि बाटली चेपून कचऱ्यात टाका म्हणजे परत कोणी भरणार नाही.