मंगळावर कधी जीवसृष्टी होती का?

प्रश्न : मंगळावर कधी काळी जीवसृष्टी होती, असे खात्रीने म्हणता येईल का? (एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : खात्रीने नाही, पण ती शक्यता नाकारताही येत नाही. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तेथे नद्या आणि सरोवरे होती, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ या ‘नासा’च्या फिरत्या यानाला जुलै २०२४ मध्ये प्राचीन नदीपात्रातील एका खडकावर गडद कडांचे ठिपके आढळले आणि त्यांत सेंद्रिय कार्बनाच्या जोडीला लोहाचे फॉस्फेट व सल्फाइड असल्याचे संकेत मिळाले. आपल्या ठाणे खाडीतला चिखल काळा दिसतो, तो प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या क्रियेतून लोहाचे सल्फाइड तयार होते म्हणूनच. मंगळावरही असेच घडले असेल, असे मानण्याचा मोह मलाही होतो; तथापि ही खनिजे जीवाशिवाय, केवळ रासायनिक क्रियांतूनही बनू शकतात, आणि म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मधील शोधनिबंधात संशोधकांनी हा जीवसृष्टीचा संभाव्य पुरावा आहे, एवढेच सांगितले. हा संयम मला मोलाचा वाटतो. त्या खडकाचा नमुना यानाने नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तपासला गेल्याखेरीज निर्णायक उत्तर मिळणे कठीण आहे.