खोली सकाळी सोडायची आणि बस रात्री साडेदहाची. मधला दिवस कसा काढावा, बसमध्ये झोप कशी लागेल?

तुमचा हिशोब असा दिसतोय: सकाळी ११ ला खोली सोडायची, रात्री १०.३० ला बस, पुढे ११ तास पुशबॅक सीटवर. दिवसभर भरपूर फिरून स्वतःला दमवलं की बसमध्ये गाढ झोप लागेल, हा तुमचा बेत मात्र मी बदलायला सांगेन. दमलेलं शरीर आडवं व्हायला मिळालं तर झोपतं. दिवसभर चालून भरून आलेल्या पोटऱ्या घेऊन गुडघे दुमडून बसलं, की पाय ठणकतात आणि दर अर्ध्या तासाने जाग येते. चालायचं ते सकाळी चाला, दुपारी सावलीत बसा, संध्याकाळी अर्धा तास हळू पाय मोकळे करा. डुलकी घ्यायची तर ३ च्या आत आणि वीसच मिनिटं, नाहीतर रात्रीची झोप खर्च होते.

खोली सोडतानाच सामान रात्रीच्या हिशोबाने भरा. डिकी मधल्या थांब्यांवर सहसा उघडत नाहीत, त्यामुळे रात्री लागणारी प्रत्येक गोष्ट छोट्या बॅगेत हवी: पातळ जॅकेट, मोजे, चपला, पाणी, टूथब्रश, औषधं, चार्जर, ओळखपत्र, एक रिकामी पिशवी. मोठी बॅग दिवसभर जिथे ठेवाल, तिथली बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या. बस रात्रीची आणि सामानाची खोली संध्याकाळीच बंद, हा घोटाळा अशा दिवशी नेहमीचा आहे.

चहा-कॉफी दुपारी ३ नंतर नको. कॅफीनचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे ६ ला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफीन ११ ला तुमच्याबरोबर बसमध्ये असतं. जेवण साडेसातपर्यंत, हलकं. भरल्या पोटी अर्धवट रेललं की आंबट घशाशी येतं. लघवी लागेल या भीतीने पाणी बंद करू नका. दिवसभर नीट प्या, शेवटचे दोन तास फक्त घोट घोट. नऊच्या सुमारास हातपाय धुऊन सैल कपडे घाला, जाड शिवणीची जीन्स नको.

आता सीट. बस खड्ड्यातून गेली की सगळ्यात जास्त उसळी मागच्या चाकांच्याही मागे बसलेल्यांना बसते, कारण तो भाग चाकांच्या पलीकडे लोंबता असतो. शेवटची रांग बहुतेक वेळा मागे रेलतही नाही आणि इंजिन मागे असेल तर खालून गरम लागतं. पहिल्या रांगेत समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि दाराची उघडझाप. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध असलेली सीट घ्या. खिडकी की कडेची? झोपायचं असेल तर खिडकी, वारंवार उठावं लागत असेल तर कडेची. स्लीपर मिळत असेल तर खालची बर्थ, वरची जास्त डोलते.

गाडी लागते का? मग गोळी बस सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. गरोदरपण, काचबिंदू किंवा आधीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. मोबाइल खाली ठेवा: डोळ्यांना स्थिर पडदा दिसतो, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं जाणवतात, आणि त्या विसंगतीतून मळमळ सुरू होते. डोळे मिटले की बराच फरक पडतो.

फोमचे इअरप्लग बरेच जण चुकीचे घालतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. बोळा दोन बोटांत फिरवत वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. मानेची उशी उलटी घाला, जाड भाग हनुवटीखाली; मागे ठेवली तर ती डोकं पुढे ढकलते आणि मान लटकते. सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून, पोटावर नाही तर कमरेच्या हाडांवर. मोजे घाला, पाय उबदार असले की झोप लवकर लागते. बुटांच्या नाड्या सैल सोडा. शरीराचं तापमान पहाटे ४-५ च्या सुमारास सगळ्यात खाली जातं, म्हणून सुरुवातीला उकडत असलं तरी जॅकेट हाताशीच ठेवा.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलं. मूळ धोका लहान आहे, पण जाग आली की टाचा जमिनीवर टेकवून पंजे वीस वेळा वर-खाली करा आणि प्रत्येक थांब्यावर उतरून चाला. आधी गुठळी झालेली असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. झोपेची गोळी नकोच. पाय तासन्‌तास हलत नाहीत आणि थांब्यावर धड जाग येत नाही.

थांब्यावर उतरताना किती मिनिटं ते विचारा, नंबरप्लेटचा फोटो काढा. बस तेवढ्यात दुसरीकडे लावलेली असू शकते, आणि रात्री सगळ्या बसगाड्या सारख्याच दिसतात.

मोबाइल विमान मोडवर टाका. रस्त्यात नेटवर्क शोधण्यात बॅटरी जाते. गजर पोचण्याच्या वेळेच्या पाऊण तास आधीचा, कंपनासकट, कारण कानात बोळे आहेत आणि मोकळ्या रस्त्यावर बस लवकरही पोचते. उतरल्यावर लगेच स्वतः गाडी चालवायचा बेत असेल तर तो रद्द करा. बॅग ठेवताना तिचाही फोटो काढून ठेवा आणि डिकीतून घेताना तो जुळवूनच पुढे निघा.