कोड उडवला की दिवा जातो, मग परत का येतो?

प्रश्न: नमस्कार. माझी गाडी पेट्रोल आहे, १४ वर्षं जुनी, सव्वा लाखाच्या वर किलोमीटर झालेत. वर्षभर झालं, चेक इंजिनचा पिवळा दिवा मागेच लागलाय. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी-०१७१ आला म्हणतो, मिक्स्चर लीन आहे म्हणतो, कोड उडवतो, दिवा जातो. आठ-दहा दिवस बरे जातात आणि परत हजर. ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलून झाला, एअर फिल्टर झाला, इंजेक्टर क्लीनर टाकून झालं. गाडी चालायला तशी ठीक आहे, फक्त सकाळी थंड असताना आयडलिंगला जरा थरथरते. आता तो म्हणतोय की ईसीएमच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलाय, तोच बदलावा लागेल. बदलू का?

उत्तर: नका बदलू. ईसीएम जातात, नाही असं नाही, पण लीनचा कोड आणि थंडीत थरथरणारं आयडलिंग हे ऐकून ईसीएमवर संशय घ्यायचं काहीच कारण नाही. आणि ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदललात हे तर तक्रार करणाऱ्यालाच हाकलून दिल्यासारखं झालं. तो बिचारा सांगतोय की सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. नवीन सेन्सर लावला, तोही तेच सांगतोय. मग खरंच जास्त असेल ना!

पी-०१७१ चा अर्थ एवढाच की इंजिनात जेवढी हवा जातेय त्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोलचं प्रमाण साधारण १४.७ भाग हवेला १ भाग, वजनाने. सेन्सरने लीन सांगितलं की ईसीएम पेट्रोल वाढवतो, ह्या वाढवण्या-कमी करण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे आत्ता ह्या क्षणी केलेली दुरुस्ती आणि लाँग टर्म ट्रिम म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली. पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर जुन्या गाडीला चालतं, पण वाढवत वाढवत २५ टक्क्यांच्या आसपास गेलं की ईसीएम हात टेकतो आणि कोड टाकतो.

आता तुमचे ते आठ-दहा दिवस. कोड उडवला की बहुतेक गाड्यांत लाँग टर्म ट्रिमपण शून्यावर येतो, म्हणजे ईसीएम सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतो. शिकत शिकत पुन्हा त्याच मर्यादेला पोचला की पहिल्यांदा नुसता पेंडिंग कोड पडतो, दिवा लागत नाही, आणि पुढच्या एखाद्या फेरीत तोच दोष परत दिसला की मग दिवा. म्हणजे ते बरे दिवस बरे नव्हतेच, दोष पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त वही कोरी केली होती.

दिवा किती वेळाने परत येतो हे मी सगळ्यात आधी विचारतो, कोड नंतर. चावी फिरवल्या फिरवल्या किंवा एक-दोन मिनिटांत आला तर बहुतेक वेळा वायर तुटलीय, कनेक्टर सुटलाय किंवा सेन्सरच्या आतला हीटर गेलाय, कारण असले सर्किटचे दोष ईसीएम सतत तपासत असतो. काही दिवसांनी आला तर शिकण्याचा मामला, किंवा अशी तपासणी जी ठराविक वेगाने, ठराविक तापमानाला, ठराविक वेळ गाडी चालल्यावरच होते. आणि आपला आपण जातो-येतो असं असेल तर दोष अगदी काठावरचा आहे, कारण लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर ईसीएम स्वतःच दिवा बंद करतो. मेमरीत मात्र कोड राहतो, साधारण ४० वेळा इंजिन थंडचं गरम होईपर्यंत, त्यामुळे दिवा गेला म्हणून स्कॅन करायचं टाळू नका.

तर आता काय करायचं. पुढच्या वेळी दिवा लागला की कोड उडवू देऊ नका, आधी फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कुलंटचं तापमान किती, लोड किती, ट्रिम किती हे सगळं ईसीएमने टिपून ठेवलेलं असतं आणि कोड उडवला की तेही जातं. कितीतरी गॅरेजमध्ये हे पानच कोणी उघडत नाही, कोड वाचला, इंटरनेटवर त्या कोडसमोर जो पार्ट दिसला तो बदलला, संपलं. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं एखादं अ‍ॅप एवढ्यावरसुद्धा हे दिसतं, फक्त लाइव्ह डेटा दाखवणारं घ्या, नुसते कोड वाचणारं नको.

मग इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला दोन्ही ट्रिमची बेरीज बघा आणि नंतर रेस देऊन २५०० आरपीएमला धरून बघा. आयडलिंगला समजा +२० आणि २५०० ला उतरून +५ झाली, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. कारण आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा ओढतं, त्यात गळतीचा वाटा मोठा पडतो, रेस दिली की तीच गळती किरकोळ ठरते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडखाली ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोलच पुरत नाहीये, फिल्टर चोंदलाय किंवा पंप थकलाय, नाहीतर एमएएफ सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा) धूळ बसल्यामुळे तो हवा खऱ्यापेक्षा कमी मोजतोय. (तुमच्या गाडीत एमएएफ नसून एमएपी, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर असेल तर हे गणित बदलतं, तिथे गळती झाली की लीनपेक्षा आयडलचा आरपीएमच चढलेला दिसतो.)

तुमचं वर्णन वाचून माझा संशय हवेच्या गळतीवर आहे. थंड असताना थरथर, गरम झाल्यावर ठीक, हे कडक झालेल्या रबराचं लक्षण. १४ वर्षांत बॉनेटखालचे व्हॅक्युमचे पाइप वाळून जातात, वरून बरे दिसतात पण वाकवले की खालच्या बाजूला चीर. पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये सोडणारा) पाइप तर नेहमी अशा जागी असतो की हात घातल्याशिवाय कळत नाही, आणि ऑइलच्या वाफांनी तो आतून मऊ पडतो. ब्रेक बूस्टरचा पाइप, एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडीमधला घड्या असलेला रबरी डक्ट (घड्यांच्या आत बघा, चीर तिथेच असते), इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. ऑइल टाकायच्या झाकणाचं रबर आणि डिपस्टिकसुद्धा, कारण तिथून शिरलेली हवा पीसीव्हीमार्गे इंजिनातच जाते आणि ती कुणीच मोजलेली नसते.

शोधायचं कसं? इंजिन आयडलला ठेवून एकेक पाइप फडक्याने गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबा आणि फोनवर शॉर्ट टर्म ट्रिमकडे बघत राहा, ज्या पाइपला दाबल्यावर आकडा झपकन खाली येतो त्याच्याच पुढे गळती. ब्रेक बूस्टरच्या पाइपवर हा प्रयोग गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच, आणि पाइप फार जुना असेल तर जोर करू नका, नाहीतर नवीन चीर तुम्हीच पाडाल. गॅरेजला स्मोक मशीन असेल तर सगळ्यात उत्तम, इनटेकमध्ये धूर भरला की फट असेल तिथून बाहेर येतो, वादाला जागाच नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत अजून चालते, मला ती अजिबात पसंत नाही. तापलेल्या सायलेन्सरवर ते पेट घेतं.

अजून एक. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिक्स्चर बरोबर असूनही सेन्सरला लीन दिसतं. थंड इंजिन सुरू केल्यावर फट-फट असा बारीक आवाज येतो का आणि जोडाजवळ काळी काजळी आहे का बघा. आणि हे सगळं करायच्या आधी बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५, आणि स्टार्टर मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय असं समजा. जुन्या गाडीत सेन्सरची बडबड कितीदा तरी ह्या एका पट्टीमुळे असते.

दुरुस्ती झाल्यावर कोड जरूर उडवा, पण दोन-चार दिवसांनी लाँग टर्म ट्रिम बघा. शून्याजवळ थांबली असेल तर झालं काम. पुन्हा चढायला लागली असेल तर दिवा लागायची वाट बघत बसू नका, अजून एक फट आहे.

प्रश्न: माझ्या गाडीत पी-०१२८ येतो, तोही थंडीच्या दिवसांतच. अ‍ॅव्हरेजपण कमी झालंय. मेकॅनिक म्हणतो दुर्लक्ष करा, गाडी गरम तर होत नाहीये ना?

उत्तर: तीच तर तक्रार आहे, गाडी गरम होत नाहीये! हा कोड इंजिन वेळेत तापलं नाही की पडतो. नव्वद टक्के संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर, तो उघडाच अडकलेला असतो आणि कुलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत बसतं. इंजिन थंड आहे असं समजून ईसीएम जास्त पेट्रोल देत राहतो, अ‍ॅव्हरेज तिथे जातं.

थर्मोस्टॅट बदलायच्या आधी दोन गोष्टी. एक, कुलंटची लेव्हल, इंजिन पूर्ण थंड असतानाच बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. दोन, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करून स्कॅनरवर कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. कुलंटचा आकडा भलताच असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. सारखी असतील तर स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला मधून मधून हात लावत राहा (पंख्यापासून लांब). पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक, सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर बदला. स्वस्तातला पार्ट आहे.

प्रश्न: चढावर दिवा लागत नाही, लुकलुकतो. वर पोचलो की बंद होतो. चालवत राहिलं तर चालेल का?

उत्तर: नाही. स्थिर दिवा म्हणजे सवडीने बघा, लुकलुकणारा दिवा म्हणजे आत्ता पाय काढा. इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, त्याने आतली जाळी वितळू शकते. मग काही दिवसांनी पी-०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) येणार, कन्व्हर्टर बदला म्हणणार, तुम्ही बदलणार, आणि मिसिंग तसंच असेल तर नवीनही जाणार. हा क्रम मी इतका बघितलाय की पी-०४२० घेऊन कोणी आलं की मी आधी प्लग काढायला सांगतो.

तुमच्या बाबतीत कोड पी-०३०१ ते पी-०३०४ मधला असेल तर शेवटचा आकडा सिलेंडरचा. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) असेल तर इंजिन बंद करून त्या सिलेंडरची कॉइल शेजारच्याला लावा, शेजारची इकडे. कोड कॉइलच्या मागे गेला तर कॉइल वाईट. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. चढावरच होतंय म्हणजे दाब वाढल्यावर ठिणगी पडत नाहीये असा अंदाज आहे, झिजलेला प्लग किंवा चिरलेली कॉइल. पण अंदाजावर पार्ट घेऊ नका, अदलाबदल फुकट आहे.

प्रश्न: जुनी गाडी घेतोय. मालक म्हणतो चेक इंजिनचा काही त्रास नाही, बघा दिवा लागलेलाच नाही. विश्वास ठेवू का?

उत्तर: स्टार्ट न करता चावी ऑन करा. ह्या वेळी दिवा लागायलाच हवा, ती बल्बची तपासणी असते. लागला नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय, मग पुढे बोलायचंच नाही.

लागला आणि स्टार्ट केल्यावर गेला, तरी स्कॅनर लावून रेडीनेस मॉनिटर बघा. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरेसमोर तपासणी पूर्ण की अपूर्ण ते लिहिलेलं असतं. कोड उडवला किंवा बॅटरीची वायर काढली की हे सगळे अपूर्णवर जातात आणि बऱ्यापैकी गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. तेव्हा बरेचसे अपूर्ण दिसले तर काल-परवाच काहीतरी पुसलंय. बॅटरी नवीन टाकली होती असं उत्तर मिळेल, ते खरंही असू शकतं, वाद घालू नका. पाच-सहा दिवस नेहमीसारखी चालवा, मग परत येतो म्हणून सांगा, आणि तोपर्यंत बयाणा देऊ नका.